दहापैकी दहा

पेणमध्ये माझ्याइतका शिस्तीचा फोटोग्राफर दुसरा नाही, असं मी त्या मंगळवारच्या दुपारपर्यंत सगळ्यांना सांगत होतो. लग्नांचे व्हिडिओ कॉम्प्युटरमधून दुसऱ्या डिस्कवर आपोआप कॉपी व्हावेत म्हणून मी बॅकअपचा प्रोग्राम बसवला होता. वेळ दुपारी एकची. कुठलं काम आधी घ्यायचं, यासाठी प्रोग्रामने एक ते दहा नंबर मागितले. खारेपाटातल्या रंभाकाकूंच्या पूजाचं लग्न नुकतंच झालं होतं. सगळ्यांत महत्त्वाचं तेच, म्हणून त्याला दिले दहापैकी दहा. ‘नको ते’ नावाच्या फोल्डरला, म्हणजे हललेल्या आणि चुकून निघालेल्या शूटिंगला, एक.

माझ्या बायकोने, मृणालीने, विचारलं होतं की दहा म्हणजे पहिला की शेवटचा? मी तिला म्हटलं, “शाळेत जास्त मार्क कुणाला मिळतात?”

या भरवशावर मी सकाळीच कॅमेऱ्याची कार्डं पुसली आणि रोह्याला साखरपुड्याच्या शूटिंगला गेलो. दीड वाजता मृणालीचा फोन. लाइट तीनदा गेली-आली आणि कॉम्प्युटरमधून जळका वास येतोय.

दुरुस्तीवाल्याने संध्याकाळी हात वर केले. दुसरी डिस्क वाचली होती. तीत ‘नको ते’ पूर्ण होतं, पहिल्या नंबराने, अगदी शिस्तीत. दहाव्याची पाळीच आली नव्हती.  

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन रंभाकाकूंकडे गेलो. वाटेत चार कारणं तयार केली होती, दारात एकही आठवेना. खरं तेच सांगितलं. काकू ओट्यावर बसल्या.

“पूजीच्या लग्नाचं कायच नाय?”

मी म्हटलं, आहे थोडं. पण जेवणाच्या मांडवात टेबलावर ठेवलेला कॅमेरा बंद करायचा राहिला होता, त्यातलं दीड तासाचं शूटिंग. काकू म्हणाल्या, लाव.

भाकऱ्या थापणाऱ्या बायका धवले, लग्नातली गाणी, म्हणत होत्या. अंगाला हळद लागलेली पूजा हळूच येऊन चुलीवरची गरम भाकरी घेऊन पळाली. मग टोपांच्या आडोशाला पूजाचे वडील, पोपटकाका, टॉवेलने डोळे पुसताना दिसले. काकूंनी पदर तोंडाला लावला.

“मना बोलला, धूर गेला डोल्यांत.”

तोवर ओट्यावर अर्धी आळी जमली. सगळ्यांनी दोनदा पाहिलं. मधेमधे मीही दिसत होतो, पंगतीत, आधी एकदा आणि मग पुन्हा एकदा.

निघताना काकूंनी धाकट्या मुलीच्या, वैशालीच्या, लग्नाची तारीख सांगितली. मी म्हटलं, काकू, या वेळी दोन कॅमेरे आणतो, लाइट आणतो, स्वतः उभा राहून सगळं नीट घेतो.

“नको,” काकू म्हणाल्या. “कॅमेरा टेबलावर ठेव, नि तू आपला जेवायला बस.”