अठ्ठ्याण्णव टक्क्यांवरचा खलनायक

"माझ्यापासून तीन गोष्टी लपत नाहीत," भावोजी बाईंना सांगत होते. "माणसाची लबाडी, यंत्राची लबाडी आणि..." तिसरी काही आठवेना, म्हणून त्यांनी कार्ड पुढे केलं: 'संगणक-गुन्हेगारांचा कर्दनकाळ'. कार्ड मीच छापून आणलं होतं. मी त्यांचा मेहुणा. हुद्दा सहायकाचा, पगार बहिणीच्या हातचं जेवण.

बाई नाटक कंपनीच्या मालकीण. प्रयोग उद्यावर आलेला. संगीताची भलीमोठी फाईल नायक, नायिका आणि खलनायक या तिघांच्या संगणकांवर होती आणि तिघे तीन गावांत. तिघांकडून एकदमच तुकडे-तुकडे मागवायचे म्हणजे काम झटपट होतं, असा तो प्रकार. तालीमखोलीतला संगणक मात्र अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर रुसून बसला होता.

"तुकडा आला की त्याचा आकडी ठसा मूळ फाईलीशी ताडला जातो," मी म्हणालो. "जुळला नाही तर तुकडा बाद, पुन्हा मागवायचा."

"ठसा?" भावोजींनी बाईंची तोंडाला लावायची पावडर घेऊन पडद्यावर फासली. ठसे सापडले. भावोजींचेच.

मग वेग. इंटरनेटवाल्यांनी सोळाचा कबूल केलेला, दिसत होता दोनचा. "चौदा कोण खातंय?" भावोजी शेजारच्या शिंप्यावर जाऊन धडकले. शिंप्याने खिशातून बटणांचा फोन काढून दाखवला.

"ढोंग," भावोजी परतल्यावर म्हणाले. "बरं, बाद तुकडे कुणाकडून आलेत?"

मी पाहिलं. "सगळे खलनायकाकडून."

"संपलं."

बाईंनी फोन लावला. "उद्या येऊ नका. तुमचं काम दुसऱ्याला देतेय. फाईल बिघडवताय तुम्ही."

"बाई, रंगमंचावर मी विष कालवतो, म्हणून फाईलीतही कालवेन?"

"पुरावा आहे," भावोजी मधेच ओरडले.

"मग माझ्याकडून घेऊच नका." फोन बंद.

तेवढ्यात ताई घराची किल्ली न्यायला आली. पदराने पडद्यावरची पावडर पुसत तिने विचारलं, "आणि चांगले तुकडे कुणाकडून आले?"

मी पुन्हा पाहिलं. "तेही खलनायकाकडूनच. नायक-नायिकेने पाठवणं बंद ठेवलंय. फाईल घेतली आणि दार लावून घेतलं."

"मग चुकणार कोण? भांडी घासणाऱ्याच्याच हातून बशी फुटते." तिने संगणकाला जोडलेल्या साठवणीच्या डबीची, म्हणजे हार्ड डिस्कची, तार हलवली. ती लटपटत होती. "तुकडा धड येतोय, इथे लिहिताना बिघडतोय. तार सैल आहे."

"आणि चौदा?" भावोजींनी शेवटचा किल्ला लढवला.

"कुणी खाल्ले नाहीत. इंटरनेटवाले बिटात सांगतात, पडदा बाइटात दाखवतो. आठ बिटांचा एक बाइट. द्या भाग."

"बिट म्हणजे हवालदाराची ना?"

ताई तारेकडे वळली. लग्नाला बरीच वर्षं झाली आहेत.

तिने तार घट्ट बसवली. त्यानंतर एकही तुकडा बाद झाला नाही, कारण एकही तुकडा आला नाही. वेग शून्य. खलनायकाने यंत्र बंद केलं होतं, आणि सज्जन मंडळी तर आधीपासूनच बंद होती. ही आपली न्यायबुद्धी. जो काहीच देत नाही त्याची पाटी कोरी, म्हणून तो स्वच्छ. जो राबतो त्याच्या चुका मोजायला कर्दनकाळ बोलवायचा, वर त्याला चहा पाजायचा.

बाईंनी पुन्हा फोन लावला. "माझं चुकलं. काम तुमचंच आहे, उद्या या."

पलीकडून खलनायक म्हणाला, "नायकाला सांगा, पाठवणं चालू कर. नायिकेलाही."

"सांगते नंतर."

"आत्ता सांगा. मी धरून बसतो."

बाईंनी दुसऱ्या फोनवरून दोघांना असं काही झापलं की शून्याचा एक झाला. मग खलनायकाने आपलं यंत्र चालू केलं आणि बघता बघता शंभर टक्के. खोलीत उद्याचं संगीत वाजायला लागलं.

जिन्यात भावोजींनी माझा दंड धरला. "बघितलंस? लगेच चालू केलं. निर्दोष माणसाला बटण इतक्या पटकन सापडतं?"