बरा झालेल्या बोक्याची फाइल

नोंद दुरुस्ती कार्यालयातील आवक शाखेच्या कारकुनाचा बोका मधुमेहातून बाहेर आला, ही बाब सोमवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी लेखी स्वरूपात कार्यालयाच्या निदर्शनास आली. तोपर्यंत कार्यालयाचे कामकाज सुरळीत चालू होते, म्हणजे बंद होते.

या कारकुनाला कचेरीत सगळे आवकराव म्हणत. सव्वीस वर्षे ते एकाच खुर्चीत बसून लोकांचे अर्ज घेत आणि त्यांवर शिक्का मारत. लग्न केले नव्हते. घरी एक थोरली बहीण आणि एक अकरा वर्षांचा बोका. दीड वर्षापूर्वी हा बोका भांडेच्या भांडे पाणी पिऊ लागला, पोटभर खाऊनही वाळू लागला, तेव्हा जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून मधुमेह सांगितला. दर बारा तासांनी इन्सुलिन, सकाळी पाच आणि संध्याकाळी पाच. ताईचा हात कापायचा, म्हणून सुई आवकरावांकडे आली. कचेरी सुटायची साडेपाचला. आवकरावांनी साडेचारला निघण्याची परवानगी मागितली आणि सोबत बोक्याचा वैद्यकीय दाखला जोडला.

दुसऱ्या कुठल्याही कचेरीत हा अर्ज हसण्यावारी गेला असता. पण अर्ज फेटाळायचा तर कारण लिहावे लागते, मंजूर करायला नुसती सही पुरते, आणि उपअधीक्षक साहेब पहिल्यापासून कमी लिहिण्याच्या बाजूचे. परिपत्रक निघाले: ‘मधुमेही मार्जार पाळणाऱ्या कर्मचाऱ्यांस प्रति मार्जार एक तास लवकर जाण्याची मुभा राहील.’ महिन्याभरात बाकीच्या तेहेतीसपैकी एकतीस जणांच्या घरी मांजरे आली आणि आल्या पावली आजारी पडली. उरलेल्या दोघांपैकी एक दीर्घ रजेवर होता आणि दुसरा तसाही कधी साडेचारपर्यंत थांबत नसे. खुद्द उपअधीक्षकांकडे दोन मांजरे निघाली, त्यामुळे त्यांना साडेतीनलाच उठावे लागे.

साथ इतक्या झपाट्याने पसरली याचे शास्त्रीय कारण म्हणजे झेरॉक्सचे मशीन. सगळ्यांनी आवकरावांचाच दाखला घेऊन वरचे मालकाचे नाव तेवढे बदलले होते. दप्तरी आता तेहेतीस मांजरे होती. सगळी अकरा वर्षांची, सगळी करडी, सगळी पाच किलो दोनशे ग्रॅम, आणि सगळ्यांचा डावा कान फाटलेला. नावातली एक वेलांटी चुकली म्हणून माणसाला तीनदा परत पाठवणाऱ्या या कचेरीला त्यात वावगे काही दिसले नाही.

इकडे ताईने बोक्याचे पथ्य असे सांभाळले, की तसे तिने स्वतःचे कधी सांभाळले नव्हते. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले खाणे ती वजन करून ठेवी. दूध बंद, बिस्किटे बंद. बोक्याने स्वयंपाकघराच्या दारात बसून कितीही केविलवाणे तोंड केले तरी ती पाघळली नाही. आवकराव त्याच्या कानाच्या टोकाला टोचून रक्ताचा थेंब घेत, यंत्रावरचा आकडा वहीत लिहीत. आकडे उतरत गेले, डोस कमी होत गेला आणि एक दिवस डॉक्टरीणबाईंनी इन्सुलिन थांबवले.

“याला आम्ही उतार म्हणतो. बरा झाला असं म्हणत नाही,” त्या म्हणाल्या. “आजार गेलेला नाही, दाराबाहेर बसलाय. पथ्य मोडलंत की आत येईल. आकडे बघत राहा. आणि आता चुकूनसुद्धा सुई टोचू नका. साखर एवढी खाली जाईल की झोपलेला बोका उठायचा नाही.”

आवकरावांनी तिथल्या तिथे बोक्याचा फाटका कान कुरवाळला आणि डोळे पुसले. मग आनंदाच्या भरात माणसे करतात तसा एक मूर्खपणा त्यांनी केला. त्यांनी कचेरीला खरे कळवले आणि सवलत रद्द करण्याची विनंती केली.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत अर्जाचा अर्थ सगळ्यांच्या ध्यानात आला. मूळ दाखल्यातला बोका बरा झाला, की त्या दाखल्यावरची तेहेतीसच्या तेहेतीस मांजरे बरी होत होती. कर्मचारी संघटनेचा सचिव तणतणत आवकरावांच्या टेबलाशी आला.

“आवकराव, तुमच्या बोक्यापायी माझी मांजर बरी होतेय!”

“पण तुमच्याकडे मांजर आहे कुठं?”

“विषय बदलू नका. बत्तीस घरांचा प्रश्न आहे. एका जनावराच्या तब्येतीसाठी तुम्ही एवढ्या माणसांना साडेपाचपर्यंत बसवणार?”

टंकलेखिका बाईंनी क्रीमच्या बिस्किटांचा मोठा पुडा पुढे सरकवला. “रोज दोन द्या हो त्याला. आठवड्यात येईल पूर्वपदावर,” त्या मायेने म्हणाल्या. आवकरावांनी पुडा परत केला. त्या दिवसापासून त्यांच्याशी कुणी बोलेना.

दुसऱ्या दिवशी उपअधीक्षकांनी बोलावले.

“बोका आता नक्की काय आहे? बरा की आजारी?”

“दोन्ही नाही, साहेब. उतार आहे. लक्ष ठेवायचं, सांभाळायचं.”

“नमुन्यात ‘आजारी’ आणि ‘मयत’ असे दोनच रकाने आहेत. मयत नाही ना? मग आजारी. आणि आजारी असताना इंजेक्शन बंद करणं ही हयगय. उलट, तो बरा झाला म्हणाल तर बरा होणारा आजार हा मुळात आजार होता का, असा मुद्दा निघतो. मग दीड वर्ष तुम्ही कार्यालयाची दिशाभूल केलीत, हाही निघतो.” साहेबांनी पेनाचे टोपण लावले. “गुरुवारी पाच वाजता समिती घरी येईल. समितीसमक्ष इंजेक्शन देऊन दाखवा, म्हणजे विषय संपला.”

“साहेब, विषय नाही, बोका संपेल!”

“भावनेच्या आहारी जाऊ नका,” साहेब म्हणाले आणि साडेतीन झाल्यामुळे उठले.

“हात दाखवून अवलक्षण!” घरी ताई कडाडली. “कुणी सांगितलं होतं तुला खऱ्याची उठाठेव करायला? सव्वीस वर्षं तिथं बसतोस, माणसं ओळखता आली नाहीत तुला?” एवढे बोलून तिने बोक्याला उचलून घेतले आणि रात्रीचे जेवण होईपर्यंत खाली ठेवले नाही. आवकरावांना नोकरीची भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती ही, की साहेबांनी दरडावले तर आपला हात सवयीने ‘हो’ म्हणेल.

गुरुवारी समिती आली: उपअधीक्षक, हेडक्लार्क आणि सचिव. तिघे कोचावर ओळीने बसले. बोका आला आणि फाइलवर बसला. समितीपैकी कुणीही मधुमेही मांजर याआधी पाहिलेले नव्हते, त्यामुळे तिघांनी पाय वर घेतले.

“करा सुरुवात,” साहेब म्हणाले.

“साहेब, टोचलं तर मरेल हो. डॉक्टरीणबाईंनी तसा दाखलाच दिलाय.”

हेडक्लार्क दचकला. “त्याची झेरॉक्स नाही ना दिली कुणाला?”

“मेला तरी हरकत नाही,” साहेबांनी धीर दिला. “रकाना आहे.”

आता सचिव उभा राहिला. “नाही साहेब, मरून चालणार नाही! हा मेला तर आमचीही मरतील!”

समितीने आपापसात विचार केला आणि अर्धेच टोचावे असा सुवर्णमध्य काढला. तेवढ्यात आतून ताई सुई भरून घेऊन आली आणि ती तिने थेट साहेबांपुढे धरली.

“तुमच्याकडे दोन मांजरं आजारी आहेत म्हणे. दिवसाला चार वेळा टोचत असाल. याचा हात बघा कसा थरथरतोय. तुमच्यासारखा सराईत माणूस दारी आलाय, तर तुम्हीच दाखवा की टोचून.”

साहेबांनी हेडक्लार्ककडे पाहिले. हेडक्लार्कने छताकडे पाहिले. नाही म्हणावे तर दोन मांजरे जात होती. साहेबांनी शिक्का धरावा तशी सुई मुठीत धरली, डोळे मिटले आणि हात खाली आणला. बोका केव्हाच कपाटाखाली गेला होता. सुई साहेबांच्या डाव्या अंगठ्यात रुतली. रक्ताचा टिपूस पाहताच साहेब पांढरेफटक पडले आणि कोचावर आडवे झाले.

“साखर उतरणार आता तुमची, तोंड उघडा,” म्हणत ताईने त्यांना नऊ चमचे साखर चारली. सुईत साधे पाणी होते, हे सांगायची तिला घाई नव्हती.

हेडक्लार्कने मात्र अहवाल पुरा केला: ‘पाच वाजून सात मिनिटांनी समितीसमक्ष इंजेक्शन देण्यात आले. रुग्णास किंचित ग्लानी आली. नंतर खाणे व्यवस्थित.’ कोणाला दिले, असा रकाना नमुन्यात नव्हता. त्याने कागद आवकरावांपुढे सरकवला.

“हे खोटं आहे,” आवकराव म्हणाले.

“एक वाक्य खोटं दाखवा.”

आवकरावांनी दोनदा वाचले. सापडले नाही.

“सही केलीत तर पुढची पडताळणी तीन वर्षांनी,” हेडक्लार्क म्हणाला. “नाही केलीत तर सोमवारी परत येऊ. तेव्हा सुई तुमच्या हातात असेल आणि ताई बाहेर.”

आवकरावांनी वाकून कपाटाखाली पाहिले. तिथून दोन डोळे त्यांच्याकडे लागले होते. त्यांनी सही केली. खोट्या कागदावरची ती त्यांची पहिली सही. तिची लाज त्यांना वाटली, आणि बोका वाचल्याचा आनंदही तेवढाच झाला. दोन्ही एकाच वेळी कसे वाटते, हे त्यांना त्या रात्री कळेना.

आता रोज साडेचारला सचिव स्वतः त्यांना खुर्चीतून उठवतो. “चला, आवकराव, इंजेक्शनची वेळ झाली.” रांगेतली माणसे अर्ज हातात धरून बंद खिडकीकडे बघत राहतात. घरी आवकराव कानाच्या टोकाला टोचतात, आकडा चांगला येतो, तो वहीत लिहितात. बोका अंग पसरून झोपतो. कचेरीच्या फाइलीत तो अजून गंभीर आहे.

ही हकीकत आम्ही बऱ्याच सुशिक्षित माणसांना सांगितली. सगळे चिडले. काय ही कचेरी, काय ही माणसे, अशानेच सगळे बुडाले, असे प्रत्येकजण तावातावाने म्हणाला. मग इकडे तिकडे पाहून, आवाज उतरवून, प्रत्येकाने एकच गोष्ट विचारली. तीच तुम्हालाही विचारायची असेल, तर संकोच नको. हो, कुत्राही चालतो. दाखल्याची कोरी प्रत आमच्याकडे आहे.