एका झटक्यात

श्यामरावजी वर्षातून दहा मिनिटं नाव चालवत आणि मग दोन दिवस तिच्या मोटरची सर्व्हिसिंग करत. दहा म्हणजे घड्याळ लावून दहा. पाच जायची, पाच यायची.

नागपुरात राहणाऱ्या माणसाला नावेची मोटर कशाला हवी, असं तुम्हाला वाटेल. गणेशपेठेतल्या त्या घराच्या अर्ध्या भागात मी भाड्याने राहायला आलो तेव्हा मलाही वाटलं होतं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. अंगण दोन बिऱ्हाडांत एक. मी सदरच्या एका ऑफिसात कारकून, रविवारी रेडिओ लावून पडावं एवढीच माझी इच्छा. आणि खिडकीखाली डांबराच्या रिकाम्या ड्रमच्या काठावर ती मोटर अडकवलेली. वर डोकं, खाली लांब दांडा, दांड्याच्या टोकाला पाण्यात बुडालेला पंखा. दोरी ओढली की निळा धूर सोडत असा काही थयथयाट करायची, की रेडिओ बंद करण्यावाचून गत्यंतर नसे.

श्यामरावजींना अख्खी गल्ली काकाजी म्हणायची. हिंगण्याच्या एका कारखान्यात फिटर होते. कंपनीची बस साडेसहाला यायची, हे सहापासून चौकात येरझारा घालत. बसणं त्यांना जमतच नसे. माझ्याकडे चहाला आले तरी कप हातात घेऊन दाराची बिजागरी हलवत राहायचे. “करकरून राहिली ना हे, बाबूसाहेब. तेल कधी देल्लं होतं?” मी दारांना तेल देत नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते असं, की जणू मी पोरांना उपाशी ठेवतो.

“चालून काही बिघडत नाही गा, बसून बिघडते,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मोटरबद्दल म्हणत, माझ्या सायकलबद्दल म्हणत, आणि नोकरी शोधायला येऊन चार महिने आमच्याकडे पडून असलेल्या माझ्या मेव्हण्याकडे बघूनही एकदा म्हणाले. मेव्हणा दुसऱ्या दिवशी गावी गेला. काकाजींचा हा उपकार मी विसरलेलो नाही, फक्त बायकोसमोर काढत नाही.

पावसाळा सरत आला की मोटर गोणपाटात गुंडाळून ते एसटीने खाप्याला जात. तिथे कन्हान नदी. ओळखीच्या एका नावेला मोटर लावून पलीकडे जायचं, काठाला हात लावून परत. घरी आल्यावर ड्रम भरायचा, आतला नदीचा गाळ निघेपर्यंत मोटर चालवायची, उरलेलं पेट्रोल जाळून टाकायचं, प्लग काढून चमचाभर तेल सोडायचं. “कमी चाललेल्या मशीनलेच जास्त पाहा लागते,” म्हणायचे. त्या ड्रमपायी दोन दिवस दोन्ही घरांत पाण्याची बोंब.

मोटर सुरू झाली की दरवर्षी स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज यायचा, “झाली का सुरू?”

“झाली वं. एका झटक्यात.”

एका झटक्यात ती झालेली मी कधी पाहिली नाही. पाच, सहा, कधी त्याहून जास्त. काकू भोळ्या असाव्यात किंवा कानाने अधू, असं माझं मत होतं.

एका वर्षी खाप्याहून परतताना काकाजी एसटीच्या पायरीवरून घसरले. उजव्या हाताचं मनगट मोडलं. प्लॅस्टर घालून घरी आले ते सांगत, की पंख्याले ओरखडाही नाही. रात्रभर भिंतीपलीकडे त्यांच्या चपला वाजत होत्या. सकाळी माझ्या दारात उभे. “बाबूसाहेब, नदीचं पाणी आहे ना आतमध्ये. आज नाही चालवली त गेली समजा. तुमचा हात पायजे.”

माझा रविवार गेला कामातून. मी दोरी धरली.

एक झटका. काही नाही. दोन. तीन. काकाजी ड्रमभोवती फिरत होते, प्लॅस्टरचा हात आपोआप दोरीकडे जायचा आणि दुखून मागे यायचा. चौथ्याला माझ्या खांद्यातून कळ आली. पाचव्यानंतर मी भडकलो. “काकाजी, नाही झाली तर काय आभाळ कोसळणार आहे? कुणाला जायचंय कुठे?”

ते थांबले. त्यांना थांबलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

“हळू बोला गा,” ते म्हणाले, “तुमची काकू आतून ऐकून राहिली. तिचं माहेर नदीच्या त्या बाजूले. बाप गेला तिचा, तेव्हा पूर होता. वल्ह्याची नाव कोणी घालेना. दिवसभर काठावर उभी होती. पलीकडं धूर दिसला तिले, पण जाता नाही आलं. मी बाजूले उभा. फिटर माणूस, अन् काही करू शकलो नाही.” मग ड्रममधल्या पाण्याकडे बघत म्हणाले, “त्या साली आणली हे. पुढं सासूबाईले इथंच आणलं, त्याही गेल्या. आता तिकडं कोणी नाही. पण ते विचारते ना दरवर्षी. तिले सांगा लागते.”

माझी मान खाली गेली. मी पुन्हा दोरी ओढली. सहा. काही नाही. काकाजी एकदम वाकले आणि स्वतःच्याच कपाळावर डावा हात मारला. “पेट्रोलचा कॉक बंद आहे गा. तो त माहा हातच खोलते, सांगाचं ध्यानातच नाही आलं.”

सातव्या झटक्याला अंगण धुराने भरलं.

“झाली का सुरू?”

“झाली वं. एका झटक्यात.”

गढूळ पाणी निघत होतं तोवर मी हात धुवायला आत गेलो. काकू चुलीपाशी होत्या. माझ्या हातावर पाणी घालत हळूच म्हणाल्या, “सात झाले ना, भाऊ? मागच्या साली अकरा होते.”

मी बघतच राहिलो. “मग काकू, विचारता कशाला?”

“नाही विचारलं त हे जेवत नाहीत. ह्यायले वाटते, मी अजून त्या काठावरच उभी आहो.” त्यांनी तांब्या खाली ठेवला. “मी त कधीचीच घरी आली, भाऊ. हेच उभे आहेत तिथं.”

पदराला हात पुसत त्या दारापर्यंत आल्या आणि मोटरच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाल्या, “खरंच एका झटक्यात झाली का जी?”

धुरातून काकाजींनी माझ्याकडे पाहून डोळा मारला. “विचार बाबूसाहेबाले.”

“एका झटक्यात, काकू,” मी म्हणालो.