नरसय्या मागं सरतात

नरसय्यांच्या अंगावर तुम्ही काहीही फेका, ते पडत नाही, फुटत नाही आणि त्याचा आवाजही होत नाही. नारळ, पितळी तांब्या, कच्चं अंडं. मी तिन्ही फेकून पाहिली आहेत. अंडं आलं की ते हात पुढं करत, अंडं टेकताक्षणी हात त्याच्याबरोबरच मागं नेत, स्वतःही पाऊलभर मागं सरत, आणि अंडं तळहातावर निजलेलं असे. मग म्हणत, "मारायला काय, कुणालाबी येतंय. घ्यायचं तर मागं सरावं लागतंय की."

मी म्हटलं, त्यात काय एवढं! त्यांनी दुसरं अंडं माझ्याकडं टाकलं. मी हात खांबासारखा ताठ धरला. त्या दिवशी माझा एकुलता एक कोट धुवायला गेला आणि कुलकर्ण्यांच्या कोटावर अंडं कुठून आलं, हे धोब्यानं अर्ध्या नव्या पेठेला विचारलं.

ही १९३० सालच्या मार्शल लॉच्या आधीच्या तीन-चार वर्षांतली गोष्ट. सोलापुरातल्या एका गिरणीत मी विणाई खात्याचा कारकून होतो आणि नरसय्या तिथले जॉबर, म्हणजे माग ठीकठाक ठेवणारे. घरी तेलुगू, खात्यात मराठी. मागावर सूत घेऊन जाणारा लाकडी धोटा या पेटीतून त्या पेटीत गोळीसारखा सुटतो. पलीकडची पेटी ताठ असली तर तो आपटून उलटा उसळतो आणि सूत तुटतं. म्हणून तिथं चामड्याचा पट्टा असतो. धोटा आला की पट्टा जरासा मागं जातो आणि त्याचा सगळा जोर पिऊन टाकतो. जरासा म्हणजे किती, हे नरसय्यांच्या कानाला कळे. 'ठक' वाजलं की पट्टा सैल करायचा. 'ठप्' वाजलं की पुढच्या मागाकडं जायचं.

गोऱ्या साहेबानं एकदा फळ्यावर याचं गणित मांडलं. वस्तू थांबायला जितका जास्त वेळ घेईल, तितका मार कमी. मी ते खात्याला मराठीत समजावून सांगितलं, अर्थात उलटं. नरसय्या म्हणाले, "तसं न्हाय हो कुलकर्णीसाब. तसं आसतं तर तुमचं अंडं वाचलं आसतं."

मी सायकल शिकत होतो तेव्हा उतारावरून थेट त्यांच्यावरच गेलो. ब्रेक कुठं असतो हे मला ठाऊक होतं. त्या क्षणी आठवलं नाही इतकंच. नरसय्यांनी हँडल धरलं, माझ्यासकट वीस पावलं उलटे धावले आणि मला अलगद उतरवून ठेवलं. मला खरचटलंही नाही. चिंचेच्या झाडाला मात्र त्यांची पाठ लागली.

माणसांशीही त्यांचं तेच. विव्हिंग मास्तर ओरडायला लागला की दर शिवीला ते एक पाऊल मागं घेत. मास्तर दमेपर्यंत ते दारात पोचलेले असत. "जोर जिरला की मग बोलायचं," असं त्यांचं शास्त्र. खात्यात म्हणत, जन्म मागावर गेला, माणूस मागंच जाणार!

हीच खोड लेकीच्या, लक्ष्मीच्या, लग्नात नडली. व्याही हैदराबादकडचे, आवाज मोठा. मानपानावरून ते एकेक बोलत पुढं आले, नरसय्या एकेक पाऊल मागं. असं करत ते स्वतःच्याच मांडवाबाहेर रस्त्यावर गेले. मग व्याह्यांनी उरलेलं सगळं लक्ष्मीला ऐकवलं. व्याह्यांचा जोर जिरायची वाट बघत नरसय्या बाहेर उभे होते. तो जिरला तेव्हा वरात निघाली होती.

लक्ष्मी तीन वर्षं माहेरी आली नाही. सासरची माणसं पाठवायला तयार होती, तीच येईना. निरोप एवढाच, "नायना मागं सरला." नायना म्हणजे बाप. नरसय्या दर दिवाळीला घरच्या हातमागावर एक लुगडं विणून पाठवत. पार्सलाची शिवणही न उसवता ते परत येई.

तिसऱ्या वर्षी त्यांनी मला पत्र लिहायला बसवलं. पोरीची मराठी चौथी झाली होती. मी चार पानं लिहिली, अशी की वाचून दाखवताना मीच दोनदा 'वा!' म्हणालो. नरसय्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "इतकं नको. एवढंच लिवा, टेशनावर हुबा ऱ्हातो."

मला ते फारच कोरडं वाटलं. पण पंधरा दिवसांत उत्तर आलं. त्यात फक्त वार होता आणि गाडी.

स्टेशनावर ते मला बरोबर घेऊन गेले. वाडी जंक्शनकडची गाडी यायला तास होता, तरी हे पाय फाकवून एकाच जागी उभे. मी त्यांच्या पाठीशी. गाडी आली. लक्ष्मी उतरली, ट्रंक खाली ठेवली, बापाकडं बघत राहिली. मग चालायला लागली, आणि मधेच पेटीतून धोटा सुटावा तशी धावत सुटली.

आता हे मागं सरणार, हे मला इतक्या वर्षांच्या शिकवणीनं पाठ होतं. मी आधीच चपळाईनं दोन पावलं मागं झालो.

नरसय्या हलले नाहीत. लक्ष्मी आपटली, पाठीशी कुणीच नव्हतं, आणि बापलेक दोघं फलाटावर आडवे झाले. आवाज 'ठक' असाच आला. बापाचं डावं मनगट मोडलं. लक्ष्मी तिथंच बसून त्यांच्या खांद्यावर मुठी मारत रडत होती, आणि हे पडल्या पडल्या चांगल्या हातानं तिचं डोकं थोपटत होते.

आठ दिवसांनी ते हात गळ्यात बांधून खात्यात आले आणि एका हातानं पट्टा सैल करू लागले. मी विचारलं, "नरसय्या, जन्मभर मागं सरलात, मग नेमकं तेव्हाच काय झालं?"

"तुमी मात्र लई चांगलं शिकला," ते म्हणाले. मग पट्टा आणखी जरासा सैल केला. "एक पाऊल मागं गेलो आसतो, तर पोरगी एक पाऊल लांब ऱ्हायली आसती की."