खडीगाडी सुटायच्या आधी

बाबलभाऊ परब पाहुण्याला चहा द्यायचे, पण बशी सोडायचे नाहीत. एका बाजूने आपण बशी धरून फुरके मारायचे, दुसऱ्या बाजूने ती भाऊंच्या मुठीत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा न राहवून म्हणालो, "भाऊ, मी काय कपबशी घेऊन पळणार आहे?"

"तशा कोण म्हणता? पण तुमी ह्या इचारलास कित्याक?" भाऊंनी डोळे बारीक केले. "ह्यात कायतरी गोम आसा."

बोरिवलीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी आमची वस्ती होती. रुळांखाली घालायला खडी हवी म्हणून रेल्वेने डोंगर फोडायला घेतला आणि तिथवर एक फाटा टाकला. स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत बघता बघता पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा उठल्या, वाण्याचं दुकान आलं, पिठाची गिरणी आली. गणपतीत सुरुंगवाले आणि आम्ही कारकून एकत्र आरत्या म्हणू लागलो. गाडीरस्ता मात्र नव्हता. दुपारी एकदा खडीगाडी बोरिवलीला जायची, तिच्या शेवटच्या डब्यात बसूनच माणसांनी बाहेर पडायचं.

भाऊ अवजारांच्या गोदामाचे राखणदार. मालवणकडचे, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. दिलेली पहार परत आली की ती तीच आहे का, हे ते वास घेऊन ठरवत. पोस्टमन रोजचाच, तरी त्याला "तूच तो कशावरून?" असं विचारत. मांजराने दूध प्यायलं नाही, तर दूधवाल्याची उलटतपासणी.

संशय पडशासारखा पसरतो. मी मनाने सरळ आहे अशी माझी समजूत होती. पण वर्षभरात मीही तेलाच्या बाटलीवर खूण करू लागलो, आणि पहिला संशय घेतला तो भाऊंचाच. इतकं राखणारा माणूस आतून काहीतरी लांबवत असणार, असं मी बायकोला सांगितलंही. "काहीतरीच काय बोलता!" ती म्हणाली. माझं ते बोलणं मला अजून टोचतं.

मग डोंगरातला चांगला दगड संपला. सुरुंग थांबले, गिरणीचा पट्टा उतरला, एकेकाची बदली होऊ लागली. सगळे गेले की भंगार विकलं जाईपर्यंत गोदाम राखायला एकटे भाऊ मागे राहणार, हे सर्वांना ठाऊक होतं. नेमक्या त्याच सुमारास भाऊंच्या घरात चोऱ्या सुरू झाल्या.

कदमांचं बिऱ्हाड डब्यात चढलं आणि भाऊ धावत आले. "थांबा! माझो अडकित्तो गेलो!" गाठोडी सुटली, पिंप उपडं झालं. गार्डने शिट्टी दिली आणि गाडी गेली. कदमांना रिकाम्या खोलीत आणखी एक रात्र काढावी लागली. भाऊ त्यांच्याच चुलीवरची भाकरी जेवले आणि सकाळी अडकित्ता घेऊन हजर झाले. "गादीखाली गावलो."

पिंटो निघाला तेव्हा तांब्या गेला. वाणी निघाला तेव्हा छत्री. "साला, जाता जाता आपल्याला चोर बनवतो!" पिंटो तणतणला. मलाही ते पटलं.

आमची पाळी आली तेव्हा वस्तीत दुसरं बिऱ्हाड उरलं नव्हतं. पार्ल्यात जागा मिळाली होती. मी शक्कल काढली. सकाळीच भाऊंना बोलावून प्रत्येक ट्रंक, प्रत्येक डबा त्यांच्यासमोर उघडला. "बघून घ्या भाऊ. मागाहून तक्रार नको."

त्यांनी सगळं बघितलं. डाळीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. "बराबर आसा," एवढंच म्हणाले.

दुपारी सामान चढलं. भाऊ डब्याशी येऊन उभे राहिले, पण आरडाओरड नाही. आता साधा खिळा गेल्याचाही आळ त्यांना घेता येत नव्हता. मी स्वतःच्या हुशारीवर खूश होतो.

"थंय पार्ल्यात लोक बरे आसतत?" त्यांनी विचारलं.

"असतील की."

"संभाळून रवा. कोणाचो भरवसो नाय." खांद्यावरचा पंचा त्यांनी उगाच झटकला, पुन्हा खांद्यावर टाकला, पुन्हा झटकला.

बायको त्यांच्याकडे बघत होती. गार्डने हिरवी झेंडी काढली तशी ती एकदम खाली उतरली.

"माझी किसणी गेली!"

"अगं, किसणी त्या पिवळ्या पिशवीत..." मी सांगू लागलो. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी ती पिशवी पायानेच सामानामागे सरकवली.

"सामान उतरवा," ती म्हणाली. "भाऊ, तुमच्या खोलीची झडती घ्यावी लागेल."

"माझी?" भाऊंचा आवाज चढला. "माझ्यार आळ घेतास, वयनी?"

"घेते!"

गाडी गेली. संध्याकाळी भाऊंच्या चुलीवर पिठलं रटरटत होतं आणि झडती चालूच होती. भाऊ स्वतः कंदील धरून बायकोच्या मागे मागे फिरत होते.

"ती ट्रंक बघलास? पार तळापर्यंत बघा. आणि माळो रवलो हा."

"माळा जेवण झाल्यावर बघते," बायको पिठलं ढवळत म्हणाली.

"बघा, बघा," भाऊंनी तिघांची पानं मांडली. "घाई कित्याक? चोरीचो मामलो आसा."