अडईंचा चौरस आहार

प्रत्येक जिवाला पोटभर खायला मिळालं पाहिजे, याविषयी सुजाण माणसांत दुमत नसतं. मतभेद होतो तो कुणाच्या शेतातून, एवढ्याच किरकोळ मुद्द्यावर.

किन्हवलीजवळच्या तळ्यावरची अडई, म्हणजे शीळ घालणारी रानबदकं, आजवर पाणवनस्पती, गोगलगायी आणि किडे खाऊन अज्ञानात सुखी होती. मग रविवारचे पाहुणे त्यांना पाव घालू लागले. पावाने बदकं आजारी पडतात हे ध्यानात येताच पाणपक्षी पोषण समिती स्थापन झाली. (पाव बंद करण्याची सूचनाही आली होती, पण पाहुणे नाराज होतील म्हणून ती अभ्यासासाठी ठेवली.)

नैसर्गिक आहाराचा समितीचा शोध तळ्याला लागून असलेल्या सकुबाईच्या भातखाचरात संपला, कारण चहा तिच्याच पडवीत मिळत होता. घरात वर्षभर शिजणारा भात याच खाचरातला. तो गेला की चूल थंड, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पण बाई भिडस्त, आणि समितीचे अध्यक्ष कुंडलिक तिच्या नात्यातले.

"काकी, पाखरांना काय ठेवतेस का?" त्यांनी विचारलं.

"ठेवतो ना रे. कापणीला बांधाकडला कोपरा उभाच सोडतो. सासू सोडायची, आमी पण सोडतो."

इथे सकुबाई चुकली. असला शिरस्ता शेजारणीला सांगावा. समितीला सांगितला की त्याची योजना होते.

तज्ज्ञांनी एका बदकाची भूक काढली, तिला थव्याने गुणलं, न जन्मलेली पिल्लं धरली, थंडीत येणाऱ्या परदेशी पाहुण्यांचा (बदकांतल्या) मान राखला. कोपरा अपुरा निघाला. मग अख्खं खाचरही अपुरं निघालं; पण समिती समजूतदार, तिने भागवून घेतलं. पोषणात व्यत्यय नको म्हणून बुजगावणं उतरवलं. नुसत्या भाताने प्रथिनं कमी पडतात, तेव्हा कापणीच्या दिवसांनंतर वाल पेरावेत, असंही सकुबाईला सुचवण्यात आलं.

"मंग आमी काय खायाचं?" तिने विचारलं.

"तुझा पण विचार केलाय, काकी," कुंडलिक मायेने म्हणाले. "बांधाकडला कोपरा तुला ठेवलाय. शिरस्ता मोडायचा नाय."

सकुबाईला रडू आलं. त्याची पोषणमूल्यं मात्र समितीने तपासली नाहीत.

पिकल्या भातात उतरलेल्या बदकांचा फोटो सुरेख आला. तुम्हीही तो मोबाइलवर पाहिलात, खाली लाल बदाम टाकलात. मागे बांधावर विळा घेऊन एक बाई उभी होती. 'ती बाई तेवढी काढून टाका, अजून छान दिसेल,' हे लिहिणारेही तुम्हीच. समितीने तुमची सूचना तत्परतेने अमलात आणली आहे.