हेडमास्तरांची आतडी

“आतडी जागी झाली की आधी वारा सरेल. सरला की लगेच सिस्टरला सांगायचं. तोवर चहाचं नाव काढायचं नाही!” आतड्याचा तुकडा काढून पोट शिवल्यावर डॉक्टरांनी हेडमास्तरांना बजावलं होतं, आणि झोपलेली आतडी उठवायला दोन वेळची गोळी सुरू केली होती.

तिसऱ्या दिवशी गोळी लागू पडली. चांगली खणखणीत.

“अहो, तुम्ही का?” बायकोने आशेने विचारलं.

“छे! मी नाही.”

हे उत्तर हेडमास्तरांनी दिलं नाही, ते आपोआप आलं. चाळीस वर्षं वर्गात, सभेत, व्याह्यांच्या बैठकीतसुद्धा त्यांनी हेच सांगितलं होतं. वर शेजारच्याकडे रोखून पाहिलंही होतं. आताही पाहिलं. शेजारच्या खाटेवर तेच ऑपरेशन झालेला ट्रकड्रायव्हर होता.

“मग मी असेन की!” ड्रायव्हर हरखला. “लिहा, सिस्टर!”

सिस्टरने लिहिलं. ड्रायव्हरला चहा आला. तो त्याने भुरके मारत प्यायला. हेडमास्तरांनी भिंतीकडे तोंड फिरवलं, आणि संध्याकाळपर्यंत आणखी तीनदा “मी नाही” म्हटलं.

चौथ्या दिवशी डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “एवढं औषध देऊनही हालचाल नाही? उद्यापर्यंत बघू. नाहीतर पोट पुन्हा उघडावं लागेल.”

डॉक्टर गेल्यावर बायको खाटेला खेटून बसली. “पाहुण्यांसमोर दोनदा मी स्वतःवर घेतलंय, आठवतंय? इथे तेही चालत नाही. सिस्टर म्हणते, पेशंटने स्वतः सांगितल्याशिवाय लिहिणार नाही. आता झालं की सांगायचं. समोर कुणीही असो. द्या वचन.”

“दिलं,” हेडमास्तर पुटपुटले.

पाच वाजता शाळेचा अख्खा स्टाफ भेटायला आला आणि खाटेभोवती कोंडाळं करून उभा राहिला.

“सर म्हणजे शिस्त!” उपमुख्याध्यापिकेचे डोळे पाणावले. “सरांसमोर कधी कुणाचा आवाज निघाला नाही.”

नेमका तेव्हाच निघाला.

स्टाफ एकदम पंख्याकडे बघू लागला. ड्रायव्हरने मोठ्या मनाने हात हलवला. “माझाच समजा, मास्तर. आपल्याला काही लाज नाही.”

बायकोने फक्त चादर सारखी केली.

हेडमास्तर एकदा खाकरले. मग माना वळवून उभ्या असलेल्या मंडळींच्या पलीकडे, सिस्टरच्या टेबलाकडे पाहत, त्यांनी हळूच हात वर केला.